दुसऱ्या कडव्याआधी

आमच्या गॅरेजात गाडी कधी उभी राहिलीच नाही.
वडिलांची प्लिमथ बाहेर, बर्फात,
आणि आत चार पोरं, दोन स्पीकर, तेलाचा एक जुना डाग.
बेस सुरू झाला की भिंतीवरची करवत, फावडं, बागेची कात्री
खिळ्याखिळ्यावर थरथरायची.

मस्कीगन, मिशिगन. पासष्टचा हिवाळा.
ओतशाळेचा भोंगा तीनला व्हायचा
आणि त्याच्याच पट्टीत व्हर्लिन गिटार लावायचा.
दुसरा सूर कुठून आणणार?

व्हर्लिन टिबेट्सला तीन कॉर्ड येत, चौथी येते असं तो सांगे.
डोनी झेलेंकाच्या बेसला चारांतली एक तार नव्हती.
लीलंड प्रूसिकचा लाल ऑर्गन हप्त्यावरचा,
अठरा हप्ते; काळ्या पट्ट्यांना तो अजून भीत होता.
आणि ड्रमवर रॉजर, माझा भाऊ.
नाव ठेवलं 'द ब्रेकवॉटर फाइव्ह'.
होते चारच. म्हणाले, पोस्टर छापून घेऊ,
पाचवा मिळेल.

मी तेरा वर्षांची. माझं काम दारात उभं राहायचं,
मिसेस हूकस्ट्रा तक्रार घेऊन निघाली की खोकायचं.
दारात उभं राहून माणूस बरंच काही शिकतं.
मांडीवर बोटं. टाच फरशीवर.
रविवारी चर्चमध्ये, प्रवचन रंगात आलेलं असताना,
बाकाच्या खालच्या कडेवर, हळू.

रेकॉर्डिंग ठरलं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे,
नव्वद डॉलर आगाऊ, परत मिळणार नाहीत.
आदल्या दिवशी रॉजर पायरीवरच्या बर्फावरून घसरला.
मनगट प्लास्टरमध्ये.
तेव्हा व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं,
स्टेपनीकडे पाहतात तसं.

खोलीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते.
माझे पाय पेडलला जेमतेम पोचत.
पहिलं कडवं सरळ गेलं.
दुसऱ्याआधी व्हर्लिनने श्वास घेतला,
मला वाटलं, आता.
आता नव्हतं.
मी अर्धी मात्रा आधीच कोसळले
आणि माझ्यामागून ते तिघे,
जिन्यावरून एकमेकांच्या अंगावर पडावं तसे,
पण पडता पडता उभे.

दुकानदार म्हणाला, पुन्हा हवं तर पंधरा डॉलर.
चौघांनी खिसे उलटे केले.
आठ निघाले, आणि बसचं तिकीट.

तीनशे तबकड्या. स्थानिक स्टेशनने दोनदा लावली,
त्यातली एकदा चुकीच्या वेगाने.
मार्चमध्ये दुकानवाले ऑर्गन न्यायला आले,
जड होता, तर दुसऱ्या बाजूने लीलंडनेच धरला.
मग कोणी ओतशाळेत, कोणी सैन्यात.
उरलेल्या तबकड्या तळघरात, पाणी शिरलं तेव्हा गेल्या.
रॉजर कलमझूला विमा विकायचा.
लग्नाकार्यात कुणी विचारलंच, तर म्हणे,
हो, वाजवायचो पूर्वी,
आणि ग्लासावरून माझ्याकडे बघे.
मी बटाटे वाढत असे.

परवा बेल्जियमहून एका माणसाचा फोन.
एक प्रत मिळाली त्याला, किती पैसे दिले ते सांगितलं,
मी खुर्ची ओढून घेतली.
तुमच्या भावाशी बोलायचं होतं, म्हणाला.
म्हटलं, चार वर्षं झाली त्याला जाऊन.
अरेरे, म्हणाला. मग जरा थांबून,
ते दुसऱ्या कडव्याआधीचं,
ते कसं सुचलं असेल त्यांना?

मी म्हटलं, लावा बरं.
लांबून, खरखरत, व्हर्लिनचा तो आवाज,
फुटायला आलेला आणि न फुटलेला.
डोनीच्या तीन तारा.
माझी बोटं टेबलाच्या कडेला, खालून.
व्हर्लिनने श्वास घेतला.

या वेळी मी थांबले.
ती नाही थांबली.